बार्बाडोसचा उडणारा मासा आणि वेस्ट इंडीजचं विद्यापीठ

नमस्कार.

२९ जून २०२४ ची रात्र इथल्या बहुतेकांना आठवत असेल. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो आणि त्यानंतर आपला संघ तिथेच अडकून पडला. बेरिल नावाचं चक्रीवादळ येत होतं, विमानतळ बंद झाला होता. ४ जुलैला संघ मुंबईत पोचला, मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि आपल्यापुरती वादळाची गोष्ट संपली.

ब्रिजटाऊनच्या मच्छीमारांची गोष्ट मात्र १ जुलैला सुरू झाली होती. वादळाचा डोळा बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेला, त्यामुळे घरं बचावली. पण लाटा बंदरात शिरल्या, नांगरलेल्या बोटी एकमेकींवर आणि धक्क्यावर आपटत राहिल्या. शंभराहून जास्त बोटी बुडाल्या किंवा निकामी झाल्या. सामना ज्या मैदानावर झाला तिथून ते बंदर जवळच आहे. आज मला त्या बंदराविषयी बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त, त्या बंदरावर जाऊन शिकणाऱ्या एका विद्यापीठाविषयी.

बार्बाडोस जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचा देश. आपली मुंबई त्याहून मोठी आहे. पण त्याच्या वाट्याला आलेला समुद्र जमिनीच्या चारशे पटींहून जास्त! एवढं पाणी सांभाळायचं, आणि मत्स्यखात्यात माणसं किती, तर एका खोलीत मावतील इतकी. सेंट लुसिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, सगळीकडे हीच अवस्था. प्रत्येक बेटाने स्वतःचं सागरी विद्यापीठ काढायचं म्हटलं तर ते कधीच जमलं नसतं. म्हणून विद्यापीठ सगळ्यांत मिळून एक, वेस्ट इंडीजचं विद्यापीठ. १९४८ मध्ये जमैकातल्या मोना इथे ते सुरू झालं, मग त्रिनिदादला सेंट ऑगस्टीन आणि बार्बाडोसला केव्ह हिल. या बेटांनी एकत्र देश व्हायचाही प्रयत्न केला. ते संघराज्य १९५८ ते १९६२ एवढंच टिकलं. क्रिकेटचा संघ टिकला आणि विद्यापीठ टिकलं. आपले क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना १९६२ मध्ये बार्बाडोसला डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेले वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे याच विद्यापीठात नोकरीला होते, आणि त्यांची समाधी केव्ह हिलच्या आवारात आहे.

त्याच आवारात संसाधन व्यवस्थापन आणि पर्यावरण अभ्यास केंद्र आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला सर्मीस म्हणतात. त्याची सुरुवात १९८६ ची. पदव्युत्तर शिक्षण, किनारा आणि समुद्राचं व्यवस्थापन हा गाभा. विद्यार्थी निरनिराळ्या बेटांवरून येतात आणि बरेचसे आपापल्या बेटावरच्या सरकारी खात्यांत, संस्थांत परत जातात. पण या केंद्रात जे शिकवलं जातं ते तसंच का शिकवलं जातं, हे समजायला आधी जमैकाला जावं लागेल.

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर डिस्कव्हरी बे नावाची सागरी प्रयोगशाळा आहे. थॉमस गोरो यांनी ती उभी केली. जगात प्रवाळावर जिथे अगदी सुरुवातीपासून बारकाईने अभ्यास झाला अशा जागांपैकी ही एक. म्हणजे जे काही घडलं ते शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडलं. ऑगस्ट १९८० मध्ये ॲलन वादळाने प्रवाळ मोडला. ते एक वेळ भरून निघालं असतं. पण तिथले मासे आधीच संपत आले होते. कोंबडीच्या जाळीसारख्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, तारेचे सापळे तळाशी ठेवले जात, आणि त्यांत मोठ्या माशाबरोबर पिल्लंही जात. शेवाळ खाणारे मासे गेले तरी काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन शेवाळ खरवडून खात होते, म्हणून प्रवाळ तगून होता. सगळा भार त्या एका प्राण्यावर. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर ते अर्चिन मरायला लागले, आणि वर्षभरात कॅरिबियनभर शंभरातले नव्वदहून अधिक मेले. मग शेवाळ मोकाट सुटलं आणि प्रवाळावर पसरलं. १९७७ मध्ये जमैकाच्या तळावर ५२ टक्के जिवंत प्रवाळ होता, १९९० च्या सुमारास तो ३ टक्क्यांवर आला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं.

हे आकडे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी सांगताना मला थांबावं लागतं. ज्ञान कमी पडलं असं इथे म्हणता येत नाही. जास्त मासेमारीबद्दल याच विद्यापीठाच्या पोर्ट रॉयलच्या प्रयोगशाळेत १९७० च्या आसपास जॉन मन्रो यांनी पद्धतशीर काम केलं होतं. सापळ्यांचा आस मोठा हवा, हे माहीत होतं. माहीत असणाऱ्यांची आणि सापळा टाकणाऱ्यांची गाठ मात्र फारशी पडत नव्हती. पुढे डिस्कव्हरी बेच्या लोकांनी मच्छीमारांना मोठ्या आसाची जाळी देऊन बघितलं, बसून बोलले. ते काम उशिरा सुरू झालं, पण तिथून दिशा बदलली असं मला वाटतं.

आता बार्बाडोसला परत येऊ, कारण तिथे गोष्ट उलट बाजूने घडली.

बार्बाडोसचा मासा म्हणजे उडणारा मासा. नाण्यावर तो, पासपोर्टवर तो, ताटात मक्याच्या पिठाच्या कू-कूबरोबर तोच. जेमतेम वितीएवढा, आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं. तो अंडी घालतो तरंगणाऱ्या वस्तूंवर. अंड्यांना चिकट धागे असतात, ती पाल्याला, फांदीला गुंतून राहतात. ही गोष्ट बार्बाडोसच्या कोळ्याने कुठल्याही शास्त्रज्ञाच्या आधी ओळखली. तो उसाच्या पाचटाची नाहीतर माडाच्या झावळ्यांची मोळी बांधतो आणि पाण्यावर सोडतो. त्या मोळीला स्क्रीलर म्हणतात. माद्या अंडी घालायला तिच्याभोवती जमतात, आणि मग हातजाळीने किंवा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळीने त्यांना उचलतात. ऊस हे या बेटाचं गुलामगिरीपासूनचं पीक, आणि त्याच्याच पाचटावर हा मासा येतो.

मी बार्बाडोसमधल्या ऑयस्टिन्सच्या मासळीबाजारात उभी राहून या माशाचे काटे काढताना बघितलंय. बाई पातळ पात्याची सुरी घेते, डोकं आणि पंखासारखे पर उडवते, पाठीकडून फाडते, मग सुरीचं टोक काट्यांच्या ओळीखालून सरकवते आणि अख्खा सांगाडा एका ओढीत बाहेर येतो. हे सगळं मी सांगायला घेतलं तेवढ्या वेळात. मी दोन मासे करून पाहिले, दोन्हींचा चुरा झाला. बाईंनी काही न बोलता ते बाजूला ठेवले आणि पुढचा मासा हातात दिला.

या माशाचं काय होणार हा प्रश्न १९८० च्या दशकात पुढे आला. बोटींवर बर्फाचे कप्पे बसले होते, बोटी आठवडाभर बाहेर राहू लागल्या, दूर टोबॅगोपर्यंत जाऊ लागल्या. हा मासा प्रत्येक बेटाचा वेगळा की सगळ्यांचा एकच? संशोधक हेझल ऑक्सनफर्ड, रॉबिन मेहॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडलं. त्या चिठ्ठ्या परत यायच्या त्या कोळ्यांच्याच हातून, कारण मासा धरणार तेच. एका बेटाजवळ सोडलेला मासा दुसऱ्या बेटाजवळ सापडला. पूर्व कॅरिबियनचा साठा एकच.

या एका निष्कर्षाला पुढे केवढं वजन आलं बघा. फेब्रुवारी २००४ मध्ये टोबॅगोजवळ बार्बाडोसचे मच्छीमार पकडले गेले, आणि बार्बाडोसने त्रिनिदाद आणि टोबॅगोविरुद्ध सागरी सीमेचा दावा आंतरराष्ट्रीय लवादाकडे नेला. एप्रिल २००६ मध्ये निकाल लागला. मासेमारीचा हक्क लवादाने दिला नाही, तो आपल्या अधिकारात नाही असं म्हटलं. पण दोन्ही देशांनी माशाबद्दल बोलणी करून करार करावा असंही सांगितलं. २०१४ मध्ये या बेटांच्या मत्स्यमंत्र्यांनी उडणाऱ्या माशासाठी सामाईक आराखडा मान्य केला. आराखडा कागदावर पुरता उतरला, समुद्रावर अजून अर्धाच आहे.

म्हणून सर्मीसमध्ये मासा मोजायला शिकवतात तसंच सभेत बसायलाही शिकवतात. पॅट्रिक मॅककॉनी यांनी यावर आयुष्य घातलं. ते आधी बार्बाडोसच्या मत्स्यखात्याचे प्रमुख होते, नंतर विद्यापीठात आले. कोळ्यांची संघटना कशी उभी राहते, का मोडते, सरकार आणि कोळी मिळून निर्णय कसा घेतात, याचा अभ्यास. मला स्वतःला हे संशोधन मासे मोजण्याइतकंच कठीण वाटतं.

ग्रेनेडीन्सच्या बेटांवरचं काम याचा उत्तम नमुना. ही बेटांची माळ दोन देशांत विभागलेली, आणि त्या उथळ समुद्राचा धड नकाशा नव्हता. विद्यापीठाच्या संशोधकांनी कोळी, डुबकी मारणारे, होड्या भाड्याने देणारे अशा लोकांबरोबर बसून तो बनवला. कुठे शंख मिळतात, कुठे लॉब्स्टर, या जागेला तुम्ही काय म्हणता. नकाशा तयार झाल्यावर तो त्यांनाच परत दाखवला आणि दुरुस्त करून घेतला.

इथे मला आपल्या मालवणबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि वर्षानुवर्षं गावांचा विरोध राहिला. आपल्याला विचारलंच नाही, हीच मुख्य तक्रार. सेंट लुसियात सूफ्रीएरला भांडणं काही कमी नव्हती. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे एकीकडे, पर्यटकांच्या यॉट दुसरीकडे. पण तिथे आधी काही वर्षं बैठका झाल्या, आणि १९९५ मध्ये राखीव पट्ट्यांसह सागरी क्षेत्र ठरलं. नंतरही कोळी चिडले, ज्यांची जागा गेली त्यांना काही काळ पैसे द्यावे लागले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पाच वर्षांत राखीव पट्ट्यांच्या शेजारची पकड साधनाप्रमाणे ४६ ते ९० टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा मालवणला नेऊन सांगितला तर कुणी ऐकणार नाही, आणि का ऐकावा? तो त्यांच्या बैठकांतून आलेला नाही.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. २०११ पासून कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर सार्गासम नावाचं तपकिरी तरंगतं शेवाळ ढिगांनी येऊ लागलं. २०१८ मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा ८,८५० किलोमीटरचा पट्टा उपग्रहाने टिपला, अंदाजे दोन कोटी टन. किनाऱ्यावर ते कुजतं तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो, बोटीचे पंखे अडकतात. आणि उडणारा मासा? पूर्वी माद्या स्क्रीलरपाशी यायच्या. आता समुद्रभर तरंगती मोळीच मोळी, मग कोळ्याच्या मोळीकडे कोण येणार? पकड घसरली. त्या शेवाळाखाली महीमाही नावाच्या माशाची पिल्लं आणि बार्बाडोसचे लोक ज्याला अंबर फिश म्हणतात तो मासा मात्र जास्त मिळू लागला.

सर्मीस आता सार्गासमचा पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज काढतं. बोटवाल्याला त्याचा उपयोग होतो. पण ऑयस्टिन्सच्या त्या बाईंचं काय? अंबर फिशला त्यांची सुरी लागत नाही, उडणारा मासा आला नाही तर त्यांचा दिवस रिकामा जातो. नुकसान मोजताना बोटी मोजतात, कारण बोटीला नंबर असतो. काटे काढणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच नोंदवहीत नसतं. केंद्रातला एक गट मासेमारीतल्या बायकांच्या कामावर संशोधन करतो, आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की या बायका आहेत किती. आपल्या किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांची मोजणी कुणी केली असेल, तुमच्यापैकी कुणाजवळ एखाद्या गावाची जरी असेल, तर मला ती बघायची आहे. कार्यक्रमानंतर मी इथेच आहे.