स्ट्रॉबेरीचा जॅम, मुंबईच्या हवेत

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारी लागला की दादरला, क्रॉफर्ड मार्केटात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे डबे रचलेले दिसतात. संध्याकाळी उरलेला माल भाव उतरवून देतात. जॅमसाठी तो बेलाशक घ्या, मात्र डबा उलटा करून तळ बघा. दबलेलं फळ चालतं. पांढरी लव धरलेलं एक जरी दिसलं, तरी डबा परत ठेवा.

आता गॅस पेटवण्याआधी एक ठरवून टाका: जॅम करायचाय की कॉम्पोट? हल्ली बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो, साखर निम्मी घातली तर चालेल का? चालेल की! पण मग तो जॅम राहत नाही, कॉम्पोट होतो. म्हणजे फळांच्या फोडी थोड्या साखरेत आठ-दहा मिनिटं शिजवलेल्या. चवीला फळाच्या अगदी जवळ. दह्यावर घ्या, शिऱ्यावर घ्या. पण तो फ्रिजमध्येच ठेवायचा आणि चार-पाच दिवसांत संपवायचा. निम्म्या साखरेचा जॅम कपाटात ठेवला, तर आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी आलीच म्हणून समजा.

जॅममध्ये साखर नुसती गोडीसाठी नसते. ती फळातलं पाणी धरून ठेवते आणि बुरशीला वाढायला ते पाणी मिळत नाही. शिवाय फळात पेक्टिन असतं, त्यानेच जॅम थिजतो. पण त्यालाही भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात. पेरू, आवळा, कैरी यांत पेक्टिन मुबलक. आपला साखरांबा बाहेरचं काही न घालता छान मिळून येतो, तो कैरीच्या या गुणामुळेच. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून तिला लिंबू हवंच.

एक किलो स्ट्रॉबेरीला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. फळ आधी धुवा, देठ नंतर काढा, नाहीतर आत पाणी शिरतं. साखर लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फोडी स्वतःच्याच लाल रसात तरंगत असतात. लिंबाच्या बिया फडक्याच्या पुरचुंडीत बांधून शिजताना सोडा, त्यांतही पेक्टिन असतं. पातेलं पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, आंबट रस त्याला लागतो. आच मोठी ठेवा. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं की रंग काळवंडतो आणि पेक्टिनही मोडतं. फळ जास्त असलं की आटायलाही वेळ जास्त लागतो, म्हणूनच एका वेळी किलोभराच्या वर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

झाला कसा ओळखायचा? आधी बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात, मग मोठे, जड होऊन फटफट फुटू लागतात. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर मुंबईत १०४ ते १०५ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरला हाच आकडा धरून बसलात तर जॅम चिवट होईल, कारण सुमारे १३५० मीटर उंचीवर पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. तिथे १०० च्या आसपास थांबायचं.

बरण्या काचेच्या, दहा मिनिटं उकळून कोरड्या केलेल्या. जॅम गरम असतानाच गरम बरणीत भरा आणि झाकण लावा. बरणी उघडली की मात्र ती फ्रिजमध्ये, आणि चमचा कोरडा.

स्ट्रॉबेरी संपल्यावर एप्रिल-मेमध्ये स्टेशनाबाहेर करवंदं येतील. काळ्या करवंदांत मूठभर कच्ची, लालसर जरूर घ्या, त्यांत पेक्टिन जास्त. थोड्या पाण्यात शिजवून गर चाळणीतून गाळला की बिया वेगळ्या होतात. मग साखर गराच्या वजनाइतकी घाला. लिंबू लागत नाही.