उरलेल्या दोन बटणांचं काय करायचं?

टेबलावर 17 बटणं आहेत आणि समोर 5 वाट्या. मुलगी असेल आठेक वर्षांची. प्रत्येक वाटीत एकेक बटण टाकत चाललीये, शेवटच्या वाटीपर्यंत गेली की परत पहिलीपासून, अशा तीन फेऱ्या झाल्या आणि आता बघा, हात थांबला. हातात दोनच बटणं राहिलीत. एक पहिल्या वाटीत टाकलं, एक दुसऱ्या, मग या फेरीत काहीच न मिळालेल्या तीन वाट्यांकडे बघितलं आणि दोन्ही परत उचलली. म्हणते, "हे जमत नाहीये."

अगं जमलं की! वाटणी सारखी हवी म्हणून तू जी दोन बटणं मागे घेतलीस ना, तीच बाकी. 17 भागिले 5, भागाकार 3, बाकी 2. भाज्य, भाजक वगैरे नावं सावकाश आली तरी काही बिघडत नाही.

वहीत हेच गणित करताना काही मुलं लिहितात भागाकार 2, बाकी 7, आणि लगेच लाल फुली बसते. पण ते तसं चूक नाहीये हो, अर्धवट आहे. हातात 7 बटणं असतील आणि वाट्या 5, तर अजून एक फेरी होतेच ना, मग थांबलास कशाला एवढंच विचारायचं. बाकी भाजकापेक्षा लहानच असते हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा एकदा वाट्यांसमोर बसवलं की झालं. आणि ताळा करायचाच, पाच त्रिक पंधरा, त्यात हातातले 2, झाले 17.

आता वाट्या उचलून ठेवल्या. बटणं तीच 17, पण यावेळी पाचपाचचे ढीग करायचेत. ढीग झाले 3, उरली 2. कागदावर दोन्ही गणितं सेम टू सेम दिसतात, पण मघाशी 3 म्हणजे एका वाटीतली बटणं होती आणि आता 3 म्हणजे ढीग. मुलं शाब्दिक उदाहरणात अडकतात ती बऱ्याचदा इथे, भागाकार येत असतो पण आलेला 3 कशाचा ते कळत नसतं.

आणि त्या बाकी 2 चं तर त्याहून वाईट, ती कोपऱ्यात लिहून टाकायची आणि पुढचं गणित. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, 1128 सैनिक न्यायचेत, तर बस किती लागतील. भागाकार येतो 31, बाकी 12. बऱ्याच मुलांनी भागाकार बरोबर केला आणि उत्तर काय लिहिलं, तर "31 बाकी 12". बाकी 12 बस म्हणजे काय असतं? काहींनी नुसतं 31 लिहिलं, म्हणजे 12 जण राहिले रस्त्यावर उभे. 32 लिहिणारे साधारण चौथा हिस्सा, तेवढेच.

म्हणून बाकी आली की प्रश्नाकडे परत जायचं. माणसं न्यायची असतील तर एक गाडी जास्त लागते. पाचपाच पेन्सिलींची भरलेली खोकी मोजायची असतील तर उरलेल्या दोन सोडून द्यायच्या. आणि 17 मीटर दोरीचे 5 सारखे तुकडे करायचे असतील तर उरलेले 2 मीटरसुद्धा कापता येतात, तुकडा होतो 3 मीटर 40 सेंटीमीटरचा, काहीच उरत नाही. बटण कापता येत नाही, दोरी येते, एवढाच फरक.

कॅल्क्युलेटर हा फरक सांगत नाही, तो सरळ 3.4 दाखवतो आणि मग मुलं म्हणतात बाकी 4. तो 4 नाही, 0.4 आहे, एकेका वाटीचा हिस्सा, 5 वाट्यांचा मिळून परत 2 च.

परत टेबलावर येऊ. त्याच 17 बटणांचे तिने आता सातसातचे ढीग केलेत, 2 ढीग, उरली 3. आज मंगळवार, मग 17 दिवसांनी कुठला वार? दोन आठवडे गेले की परत मंगळवारच, म्हणजे मोजायचे फक्त उरलेले 3. बुध, गुरू, शुक्र. शुक्रवार! इथे भागाकाराला कोणी विचारत नाही, सगळं काम बाकीचं.

मग तिला विचारलं, 100 दिवसांनी? ती आणखी बटणं शोधायला लागली, तेवढी नव्हतीच. थोडा वेळ बोटांवर पाढा चालला, सात दाहे सत्तर, सात चोक अठ्ठावीस, मिळून 98, आणि मग टेबलावरची दोन बटणं तिने पुढे सरकवली. गुरुवार.