दाताचा माथा वर ठेवा

(शहादा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी त्याचा ओठ वर करतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधी येतात. तेव्हा दातावरून वय कसं काढायचं ते तुम्हाला सांगायला मी आलेलो नाही. जनावर काय खात होतं, तेही दातावर उमटलेलं असतं, आणि ते जनावर लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं असलं तरी वाचता येतं. आजचा विषय हा आहे.

पण आधी एक राग बाहेर काढतो. एका संग्रहालयात, नाव घेत नाही, नामशेष हत्तीची दाढ मांडलेली होती. नदीच्या गाळात मिळालेली, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी. आणि ती चावायची बाजू खाली करून प्लॅस्टरमध्ये पक्की बसवलेली! विचारलं, असं का? तर म्हणे, अशी डगमगत नाही. वर चकाकीसाठी व्हार्निशचे थरावर थर. अहो, हत्तीच्या दाढेत इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या सगळ्यात कठीण भागाच्या, पट्ट्या एकामागे एक उभ्या असतात. माथा, म्हणजे चावायची बाजू, झिजला की त्या किसणीसारख्या वर येतात. प्रत्येक जबड्याच्या एकेका बाजूला अशा सहा दाढा हत्तीला आयुष्यभरात मिळतात, मागून पुढे सरकत. सहावी झिजली की खाणं संपलं. त्या जनावराची सगळी कहाणी माथ्यावर, आणि माथा प्लॅस्टरमध्ये! त्यात व्हार्निश खाण्यानं पडलेल्या बारीक ओरखड्यांत भरून बसतं. ते उतरवायचं तर अ‍ॅसिटोन लावा, मग दंतवैद्य वापरतात त्या सिलिकॉननं ठसा घ्या, तो सूक्ष्मदर्शकाखाली धरा. समोर डॉक्टर बसलेत, ते हसतायत, कारण ठशाचं सामान त्यांच्याच दुकानातलं आहे.

कोणी विचारील, आपल्या खान्देशात काय? चाळीसगावजवळ पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, कोरीव नक्षी असलेलीसुद्धा. शहामृग इथे फिरत होते! पण त्यांना दात नसतात, त्यामुळे आज त्यांना सुट्टी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

1978 साली संशोधक अ‍ॅलन वॉकर आणि सहकाऱ्यांनी सेरेंगेटीतल्या हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्याच्या दोन जाती तपासल्या. गवत खाणारीच्या दातांवर बारीक समांतर ओरखडे, पाला खाणारीच्या दातांवर ते नाहीत. पहिली जात कोरड्या दिवसांत पाल्याकडे वळली की ओरखडेही जायचे. म्हणजे दातावर उरतात शेवटचे काही दिवस, फार तर आठवडे. ही या पद्धतीची मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट माझी लाडकी. 1959 साली पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मानवकुळातली एक कवटी मिळाली. अवाढव्य दाढा, जाड इनॅमल. सगळ्यांनी ठरवलं, हा कठीण कवचाची फळं फोडून खात असणार. 2008 साली दातांचे माथे तपासले, तर कठीण पदार्थानं पडणारे खोल खड्डे त्यांवर नव्हतेच. 2011 साली इनॅमलमधल्या कार्बनच्या जड-हलक्या प्रकारांचं प्रमाण मोजलं. ते गवत किंवा मोथ्यासारख्या वनस्पतींकडे बोट दाखवत होता. ज्या गटात आपली ज्वारी, बाजरी आणि ऊस येतात, त्याच गटातल्या. आकार सांगतो काय खाणं जमलं असतं. झीज सांगते काय खाल्लं.

ओरखडे गवतातल्या सिलिकेनं, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांनी, पडतात की चाऱ्यावरच्या धुळीनं, यावर अजून वाद आहे. इथली उन्हाळ्यातली धूळ पाहिली की तो वाद का मिटत नाही ते कळतं. म्हणून कोणाला विहीर खणताना दात मिळाला असेल, तर तो न घासता, न धुता, चिकटलेल्या मातीसकट आणा. चहापर्यंत मी इथेच आहे.