एकपासून सोळापर्यंत

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड, सकाळची वेळ. उसवलेली पोती, हळकुंडांचे ढीग, भोवती माणसांचं कोंडाळं.)

हळदीचे सौदे सुरू असले की यार्डातली हवासुद्धा पिवळी दिसते. पुढ्यात राजापुरी हळदीचा ढीग, भोवती खरेदीदार आणि मधोमध एक आवाज. ‘चौदा हजार, चौदा हजार, चौदा एक, चौदा एक, चौदा दोन...’ चौदा एक म्हणजे क्विंटलला चौदा हजार शंभर. पुरं कुणी म्हणत नाही, म्हणायची गरजही पडत नाही.

माझे अण्णा असा लिलाव पुकारायचे. तीस वर्षं. घरी यायचे तेव्हा शर्टाला हळदीचा वास आणि गळा बसलेला. तरी ताटावर बसले की आईशी गप्पा सुरूच. आम्हाला वाटायचं, बोलणं म्हणजे श्वास घेण्यासारखं, आपोआप होणारं. त्यात किती कामं दडलेली असतात, हे घरातलं बोलणं बंद पडल्यावर कळलं.

(दृश्य: सौद्याचा गलका. कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर.)

आधी ऐकणाऱ्यांकडं बघू. हळदीचा धुरळा घशात बसतो, त्यामुळं इथं सतत कुणीतरी खोकत असतं. हमाल ‘बाजू, बाजू’ करत पोती नेतात, मागं टेम्पोचा हॉर्न. ‘पंधरा’तला ‘ध’ नेमका खोकल्यात बुडतो. तरीही खरेदीदाराला ऐकू येतं ते ‘पंधरा’च. 1970 साली रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हेच टेपवर करून पाहिलं. एका इंग्रजी शब्दातला ‘स’ कापून काढला आणि तेवढ्या जागेत खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, शब्द पुरा आहे, काहीही गाळलेलं नाही. खोकला शब्दात नेमका कुठं आला, तेही त्यांना धड सांगता आलं नाही.

कानावर अर्धंमुर्धं पडतं, उरलेलं आपण आतून भरतो, आणि भरलंय हे आपल्यालाच कळत नाही. लिहिताना दोन शब्दांत जागा सोडतो तशी बोलताना सोडत नाही. ‘चहाघेतायकाअण्णा’ असा एक सलग ओघ कानात शिरतो आणि त्याचे तुकडे पाडण्याचं काम ऐकणाऱ्याचं असतं. मराठी येत नसलेल्या माणसाला विचारा, त्याला त्यात चार शब्द सापडणार नाहीत.

आणि हे सगळं पुढं पळत असतं. ‘आजीनं भाकरीवर लोण्याचा...’ एवढं म्हटलं की तुमच्या मनात ‘गोळा’ तयार असतो. त्या जागी मी ‘टेम्पो’ म्हटलं तर मेंदू दचकतो. ही दचक मोजता येते. 1980 साली सॅन दिएगोत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्याला लावलेल्या तारांतून ती टिपली. न जुळणारा शब्द आल्यावर सेकंदाच्या साधारण चार दशांश भागात मेंदूतल्या विजेच्या रेषेत एक ठळक वळण दिसतं.

सौद्यात याचा फायदा रोज दिसायचा. अण्णांचा ‘चौदा दोन’ संपतो न संपतो तोच पलीकडून ‘तीन!’ यायचं. साध्या गप्पांतही तेच होतं. 2009 साली जपानी, डॅनिश, लाओ अशा दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा निघालं. आता गंमत बघा. समोर साध्या मांजराचं चित्र धरलं, तरी ‘मांजर’ तोंडातून निघायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत रचलं जात असतं. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी, एकाच डोक्यात.

(दृश्य: अगदी जवळून एक हळकुंड. नंतर एका माणसाचे ओठ, संथ गतीत.)

हे हळकुंड दिसलं आणि तुम्ही ‘हळद’ म्हणालात. तेवढ्यात काय काय झालं? आधी वस्तू ओळखली. मग तिचा शब्द हजारो शब्दांतून उचलला. अर्थानं उचललेल्या त्या शब्दाला नंतर आवाज मिळाला. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, आणि त्याचा अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे. एखादं नाव अगदी जिभेवर असतं. माणूस डोळ्यांपुढं दिसतो, नाव ‘म’वरून सुरू होतं हेही आठवतं, तीन अक्षरी आहे हेही. नाव मात्र येत नाही. अर्थ हाती लागलाय, आवाज अजून यायचाय.

आवाज आला की त्याची हालचाल करायची. ‘ह’ला गळा मोकळा ठेवून श्वास सोडायचा. ‘ळ’ला जीभ मागं वळवून टाळूला टेकवायची आणि झटकन सोडायची. ‘द’ला तीच जीभ पुढं येऊन दातांना लागते. छाती, गळा, जबडा, जीभ, ओठ सगळे एका तालात. साध्या बोलण्यात असे दोन-तीन शब्द आपण दर सेकंदाला काढतो.

त्या ‘ळ’चं एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. उत्तरेकडचे हिंदी बोलणारे व्यापारी ‘हल्दी’ म्हणतात. कितीदा म्हणून दाखवलं तरी त्यांच्या कानाला आपला ‘ळ’ हा ‘ल’च वाटतो. यात कानाचा दोष नाही. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. पहिला शब्द फुटण्याच्या सुमारासच बाळाचे कान आपल्या घरच्या भाषेला लागलेले असतात.

(दृश्य: घर. रिकामी खुर्ची, खिडकीतून दिसणारा रस्ता.)

मार्चमधली सकाळ होती. अण्णा आईकडं बघून म्हणाले, ‘मला... ते... दे की... ते.’ कप कलंडला. उजवा हात लोंबत होता. आम्ही म्हणालो, थकलेत, जरा पडू द्या. तो पक्षाघाताचा झटका होता. त्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास आम्ही त्यांच्या अंगावर पांघरूण घालण्यात घालवले. हे मी मुद्दाम सांगते. तोंड वाकडं झालं, हात पडला, शब्द अडकला, तर त्याच क्षणी गाडी काढा.

पुढं एका दवाखान्यात, अण्णांच्या उशाशी उभं राहून, कुणीतरी आम्हाला सांगितलं, ‘यांना आता काही समजत नाही. लहान मुलासारखं सांभाळा.’ अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सांगणाऱ्याचं तिकडं लक्ष नव्हतं. माझं होतं.

ही चूक जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण वीसेक वर्षं होता. काहीही विचारलं तरी तो ‘टां, टां’ एवढंच म्हणायचा. फार चिडला तर एक शिवी मात्र पुरी निघायची. विचारलेलं त्याला बरंचसं कळत होतं. एप्रिल 1861 मध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका या शल्यविशारदानं त्याचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात, मोठी इजा होती. तेरा वर्षांनी, 1874 साली, सव्वीस वर्षांच्या कार्ल वेर्निकेनं उलट्या तऱ्हेचे रुग्ण मांडले. ते घडाघडा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमगत नसे. त्यांची इजा कानाच्या वरच्या-मागच्या भागात होती. आज एवढ्या सरळ दोन खोल्या कुणी मानत नाही. बोलण्याची वाट मेंदूत बऱ्याच भागांतून जाते, आणि कुठं अडली त्यावर काय हरवतं ते ठरतं. या सगळ्याला मिळून वाचाघात म्हणतात. वाचा जाते, माणूस जात नाही.

अण्णांचं काय राहिलं होतं आणि काय गेलं होतं, ते आम्ही हळूहळू शोधलं. ‘चष्मा आणा’ म्हटलं की आणायचे. पेपरातलं हळदीचं सदर दाखवलं की बोटानं आकडा दाखवायचे. पण ‘दादानं वहिनीला बोलावलं’ आणि ‘दादाला वहिनीनं बोलावलं’ यांत घोळ व्हायचा. कुणी कुणाला बोलावलं? सगळा अर्थ ‘नं’ आणि ‘ला’वर तोललेला. ही दोन बारकी अक्षरं आयुष्यभर इतकं ओझं वाहत होती, हे तेव्हा दिसलं. तोंडून पाण्याला ‘चहा’ निघायचं, माझ्या नावाऐवजी आत्याचं. लक्षात घ्या, पाण्याला ‘दगड’ नाही निघायचं. हात शेजारच्या फळीवर पडत होता, म्हणजे शब्दांचं कपाट जागेवर होतं.

(दृश्य: टेबलावर कॅलेंडर. एक डावा हात.)

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक दिवस विचारलं, ‘अण्णा, आठवड्याचे वार किती?’ ओठ हलले. आवाज नाही. कपाळावर घाम. मी ‘सात’ म्हणणार तेवढ्यात बाईंनी हात वर करून मला थांबवलं. अण्णांनी टेबलावर डाव्या हाताचं बोट टेकवलं. ‘एक.’ थांबले. ‘दोन, तीन, चार, पाच, सहा...’ आणि मग मान वर करून, ‘सात!’

सुटा ‘सात’ सापडत नव्हता. पण एकपासूनची माळ शाबूत होती आणि तिचा धागा धरून ते सातपर्यंत पोचले. मोजणी, वार, पाढे, शिव्या, आरती हे हजारो वेळा एका दमात म्हटलेलं असतं, ते अनेकांच्या बाबतीत वेगळ्या वाटेनं येतं. संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की अण्णा टाळीच्या तालावर कडवंच्या कडवं म्हणायचे. आरती संपली की पुन्हा ‘ते... ते...’. सुरातून बोलण्याकडं नेण्याची उपचारपद्धत 1970 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. आईनं तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. ती आपली सुरात विचारायची, ‘चहा हवा की पा-णी?’ आणि कधीकधी त्याच सुरात उत्तर यायचं, ‘पा-णी.’

सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उत्तर ऐकायची सवय लागलेल्या घरात वीस-वीस सेकंद थांबायचं. आम्ही मायेनंच त्यांचे शब्द पुरे करायचो, आणि दर वेळी त्यांच्या हातातली माळ तुटायची.

(दृश्य: ओसरी. दुपार.)

गेल्या हंगामात यार्डातले त्यांचे जुने हमाल मित्र भेटायला आले. खिशात हळकुंडं घेऊनच. एक अण्णांच्या हातात ठेवलं.

‘काय भाव निघंल, अण्णा?’

अण्णांनी ते कानाजवळ धरलं. पकड कमी पडत होती, म्हणून दाराच्या कडेला अडकवून डाव्या हातानं मोडलं. टणकन आवाज आला. आतला रंग बघितला. मग मांडीवर बोट टेकवलं.

‘एक... दोन...’

मित्र तंबाखू मळत बसून राहिले. घाई नाही, मदत नाही. नऊला अण्णा अडले. परत एकपासून सुरू केलं. आई दाराआडून बघत होती, तिचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. बारा, तेरा, चौदा, पंधरा.

‘सोळा.’

‘सोळा दोन करा की,’ मित्र म्हणाले.

अण्णांनी हळकुंडाचा तुकडा पुन्हा एकदा बघितला आणि मान हलवली.

‘न्हाई. सोळा.’