टोलाचा दगड

स्वीडनमधलं मेलारेन सरोवर. काठावर ग्रिप्सहोल्मचा किल्ला आणि किल्ल्याशेजारी ही शिळा. तिच्यावर कोरलेला नाग नीट बघा. लेख त्याच्या अंगावर आहे. वळणावळणाने वाचत जायचं. लिपी रुन, काळ अकराव्या शतकाचा.

टोला नावाच्या बाईने हा दगड आपल्या मुलासाठी, हॅराल्डसाठी उभा केला. 'इंग्वारचा भाऊ' अशी त्याची ओळख ती करून देते. म्हणजे इंग्वार तिच्या पोटचा नसावा, भाऊ सावत्र असावेत. पण इंग्वार हा पूर्वेकडे गेलेल्या मोहिमेचा म्होरक्या, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिने ते घातलं. पुढे चक्क कविता आहे: सोन्यासाठी ते मर्दासारखे दूर गेले, पूर्वेला त्यांनी गरुडाला जेवू घातलं, दक्षिणेला सर्कलँडमध्ये मेले. गरुडाचं जेवण म्हणजे रणात पडलेले शत्रू. सर्कलँड म्हणजे कॅस्पियन समुद्राच्या बाजूचे मुसलमानी मुलूख.

इंग्वारची ही मोहीम रशियातल्या नद्यांच्या वाटेने पूर्वेला गेली. तिकडे नेमकं काय घडलं? नंतरच्या काळात लिहिलेली एक आइसलँडिक कथा सांगते, की रोगाने माणसं मेली आणि 1041 साली इंग्वारही गेला. त्याच कथेत राक्षस आहेत, उडते सर्पही आहेत. तेव्हा ती जरा बेतानेच वाचलेली बरी.

दगड मात्र राक्षसांबद्दल बोलत नाहीत. या मोहिमेत मेलेल्यांचे सुमारे 26 दगड आज माहीत आहेत, बहुतेक याच सरोवराच्या आसपासचे. स्विनेगार्न इथल्या दगडावर थ्याल्वी आणि होल्मलौग हे नवराबायको आपल्या मुलाबद्दल, बांकीबद्दल सांगतात: त्याचं स्वतःचं जहाज होतं, इंग्वारच्या सैन्यातून त्याने ते पूर्वेला हाकारलं. आणि शेवटी, देव बांकीच्या आत्म्याला साहाय्य करो. मोहीम आणि प्रार्थना एकाच दगडावर! त्या काळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मुलाचं जहाज होतं, हे सांगताना आईबापांचा ऊर भरून आला असणार.

टोलाचा दगड मधली कित्येक वर्षं किल्ल्याच्या तळघरात उंबरठा म्हणून पडून होता. 1820 च्या दशकात तो लोकांच्या लक्षात आला. खुद्द इंग्वारसाठी उभारलेला दगड अजून मिळालेला नाही. जुन्या चर्चच्या भिंतींतून, जमिनींतून रुनशिळा अजूनही निघतात.