पायऱ्यांतून कोपऱ्यांकडे

टेबलावर तिरका पडलेला हा कागद आपल्याला चार सरळ कडांचा दिसतो. संगणकाने काढलेली त्याची हिरवी बाह्यरेषा मात्र अशी मोठी करून पाहिली, की कड सरळ राहत नाही. पिक्सेलांच्या पायऱ्या दिसू लागतात. ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर-संग्रहात बाह्यरेषा शोधतानाच आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषांवरचे मधले बिंदू गाळण्याची सोय आहे. त्यामुळे सरळ ठेवलेल्या आयताला चार बिंदू पुरतात. पण तो जरा कलला, की पायरीपायरीला बिंदू शिल्लक राहतात.

हे बिंदू कमी करण्याची रीत उर्स रॅमर यांनी १९७२ मध्ये आणि डेव्हिड डग्लस व थॉमस प्युकर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. यांपैकी डग्लस आणि प्युकर यांच्यासमोर प्रश्न होता तो नकाशावरच्या रेषांचा.

आता पडद्यावरची लाल रेषा पाहा. बाह्यरेषेवरचे दोन दूरचे बिंदू ती जोडते आणि मधल्या बिंदूंपैकी तिच्यापासून सर्वांत लांब असलेला बिंदू शोधला जातो. ते अंतर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर तो बिंदू राखून रेषेचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर तीच तपासणी पुन्हा होते; नसेल, तर मधले सगळे बिंदू एकदम गळतात.

या मर्यादेला एप्सिलॉन म्हणतात. ती थेट पिक्सेलमध्ये लिहून मोकळे होण्याची सवय आम्हाला घातक वाटते. या कागदाची परिमिती २,००० पिक्सेल आहे, म्हणून ४० ही मर्यादा इथे चालून जाते. शेजारच्या नाण्याचा परीघ जेमतेम २०० आणि त्रिज्या सुमारे ३२ पिक्सेल. तीच मर्यादा लावताच अख्खे नाणे दोन बिंदूंच्या एका रेषेत मिटते. परिमितीच्या दोन टक्के असे सांगितले, तर कागदाला ४० आणि नाण्याला ४ पिक्सेल मिळतात, आणि नाण्याचा जवळपास नेटका अष्टकोन होतो. अर्थात, तो अष्टकोन पाहून वस्तू गोल आहे असे ठरवणे हे वेगळे काम आहे.

कागदाचे चार कोपरे हाती आल्यावर तिरका फोटो सरळ करून घेता येतो. मुडपलेला कोपरा असेल, तर हा असा पाचवा बिंदू उगवतो.