सरकारी शाळेचा पैसा सरकारी शाळेलाच
(पाडव्याच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने मला विचारलं, "ताई, खासगी शाळेच्या फीसाठी अ‍ॅरिझोना राज्य वर्षाला सात हजार डॉलरचं व्हाउचर देतंय, मग मुलाला खासगी शाळेत का घालत नाहीस?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. तो पाच वर्षांचा असताना घराजवळची एक खासगी शाळा आम्ही बघायला गेलो. बाई गोड बोलत वर्ग दाखवत होत्या. मधली घंटा वाजली, त्याने दोन्ही कान घट्ट दाबले आणि तिथेच फरशीवर बसला. बाईंचा सूर बदलला. "आमच्याकडे त्याला जमणार नाही." विषय संपला. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळेला असं म्हणता येत नाही. तिथे पहिल्या मीटिंगला वर्गशिक्षिका, स्पीच थेरपिस्ट, मुख्याध्यापिका सगळ्या एका टेबलाशी बसल्या आणि वर्षाचा लेखी आराखडा करूनच उठल्या. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. व्हाउचर घेताना जो करार करतो, त्यात डिस्ट्रिक्टला या जबाबदारीतून आपणच मोकळं करतो. म्हणतात पालकांची निवड, पण शेवटी निवडते ती शाळा.

2018 साली अ‍ॅरिझोनाच्या सुमारे 65 टक्के मतदारांनी हे व्हाउचर सगळ्यांसाठी खुलं करायला नकार दिला होता. 2022 मध्ये विधिमंडळाने ते तरीही केलं, उत्पन्नाची अटसुद्धा न घालता. सुरुवातीला अर्ज केलेली बहुतेक मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. ज्यांची फी घरून भरली जात होती, ती आता आपल्या करातून जाते. इकडे दक्षिण फिनिक्समधल्या रूझवेल्ट डिस्ट्रिक्टने 2024 च्या डिसेंबरात पाच शाळा बंद करायचं ठरवलं. मुलं कमी होण्याला इतरही कारणं आहेत, घटलेला जन्मदर आहे, मला मान्य आहे. पण पडत्या घराचे वासे आपणच का काढायचे?

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती: कर भरतो शेतकरी, आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या शिक्षणाला.

ज्यांनी व्हाउचर घेतलंय, त्यांच्यावर माझा राग नाही. प्रत्येक आई आपल्या लेकरासाठी धडपडते. माझं भांडण कायद्याशी आहे.

बुधवारी आमच्या स्कूल बोर्डाची बैठक आहे. बोलायचं असेल तर दारातच नाव लिहून द्यायचं. मी सहा वाजता तिथे असेन, मुलगाही येणार आहे. तुम्ही या.